गळ, शिसं आणि हेराची छत्री

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर गळ टाकून बसणाऱ्याचा निम्मा वेळ बेशरमाशी भांडण्यात जातो. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले हे जुने तलाव गाळानं भरत आलेत, काठाला बेशरमाची झुडपं माजलीत आणि तळाशी कधीकाळी बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत. गळ त्यात अडकला की नवखं पोरगं उभं राहतं, तंगूस मनगटाला गुंडाळतं आणि जीव खाऊन ओढतं. बाजूला बसलेला ढिवर म्हातारा तेव्हा ओरडतो, "वढू नोको ना बे! तोंड तिकडं कर आंधी!"

या ओरडण्यामागे किती तथ्य आहे याचा हिशेब मांडता येतो. दुकानात मिळणारा साधा नायलॉनचा तंगूस, जाडी साधारण ०.३५ मिलिमीटर, आठ-दहा किलोचा ताण घेतल्यावर तुटतो. मात्र तुटण्याआधी तो ताणला जातो, चांगला लांबीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. वीस मीटर तंगूस सोडलेला असेल तर तो चार मीटर लांबेल. ओढताना जोर शून्यापासून दहा किलोपर्यंत चढत गेला, म्हणजे सरासरी पाच किलो धरू. पाच किलोचा जोर चार मीटर अंतरावर लागला की त्या धाग्यात सुमारे २०० ज्यूल ऊर्जा साठते. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडे परवान्याशिवाय जी छर्ऱ्याची बंदूक घेता येते, तिच्यावर कायद्यानं २० ज्यूलची मर्यादा आहे.

ही सगळी ऊर्जा गळाजवळ बांधलेल्या शिशाच्या वजनाला मिळत नाही. काही नायलॉनच्या आतच उष्णता होऊन जाते, काही तंगूसाला स्वतःला पळवण्यात खर्ची पडते आणि मोठा हिस्सा पाणी खातं. तरीही दहावा हिस्सा शिशापर्यंत पोचला असं धरलं, तर ३० ग्रॅमचं शिसं ताशी १३० किलोमीटरनं परत येईल. म्हणजे वेगवान गोलंदाजाचा चेंडू, फक्त हाताएवढ्या अंतरावरून दिसणारा आणि बोटाच्या पेराएवढा.

यातली गंमत अशी की तंगूस तुटला तर फारसं भय नसतं. तो बहुधा गाठीपाशी किंवा घासलेल्या जागी तुटतो आणि हातात येतो तो मोकळा धागा. घात होतो तो गळ अचानक सुटल्यावर. तेव्हा धाग्याच्या दुसऱ्या टोकाला शिसं आणि गळ दोन्ही असतात, आणि धागा जिथून ताणलाय त्याच दिशेनं, म्हणजे थेट ओढणाऱ्याच्या तोंडाकडे, ते येतात. विणलेला धागा वापरणाऱ्याला हा धोका कमी, कारण तो जेमतेम तीन-चार टक्के ताणला जातो आणि त्यात साठणारी ऊर्जाही तेवढीच कमी. नायलॉन असेल तर तो एखाद्या जाड काठीला गुंडाळावा, तंगूसाच्या रेषेत उभं राहू नये, पाठ फिरवून चालत जावं आणि डोळ्यावर साधा का होईना चष्मा असावा.

डोळ्याचं मुद्दाम सांगतोय. कवटीचं हाड जाड असतं, पण खोबणीच्या छताचं हाड काही ठिकाणी मिलिमीटरभरही जाड नसतं आणि त्याच्या पलीकडे थेट मेंदू असतो. १९७७ साली हवाईच्या कवाई बेटावर दहा वर्षांचा एक मुलगा रात्री वडिलांबरोबर मासेमारीला गेला होता. सुईसारख्या लांब चोचीचा समुद्री मासा पाण्यातून उसळला, त्याच्या डोळ्यातून मेंदूत घुसला आणि मुलगा दगावला. हे मासे रात्री दिव्याच्या उजेडाकडे झेपावतात, आणि दिवा माणसाच्याच हातात किंवा होडीत असतो. याच गणातला एक लहान चोचीचा मासा आपल्या नद्यांतही आहे. तो वीतभर-हातभर असतो, त्याच्यापासून घाबरण्याचं कारण नाही.

त्याहून विचित्र अपघात भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेत. दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले, म्हणून पकडलेला जिवंत मासा दातांत धरायची सवय अनेकांना असते. मासा सुळकन घशात जातो. बंगालकडे ज्याला कोई म्हणतात, त्या माशाच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि परांवर मागे झुकलेले टोकदार काटे असतात. पुढे सरकताना ते अंगालगत मिटतात, मागे ओढलं की उभे राहून रुततात. त्यामुळे मासा आत जातो पण बाहेर येत नाही, आणि श्वास कोंडतो. शस्त्रक्रियागृहात श्वासनलिकेला खालून छेद देऊन आधी श्वास मोकळा करावा लागतो. एखाद्या पटकथाकारानं हे लिहिलं असतं तर निर्मात्यानं फाडून टाकलं असतं.

पोरांचे प्रश्न इथूनच सुरू होतात. मोबाईलवर हेरांचे सिनेमे पाहून डोकी भरलेली असतात. शिसं डोळ्यातून घुसतं, मासा माणूस मारतो, तर मग घड्याळातून तार काढून गळा कापणारा हेर, कडेला पातं लावलेली टोपी फेकणारा मारेकरी, पेनातून सुटणारी गोळी, हे खोटं का म्हणायचं?

ऊर्जेच्या बाबतीत ते सरसकट खोटं नाही, हे मान्य करावंच लागतं. घड्याळातल्या तारेचंच घ्या. संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे नायलॉनच्या मांजानं चिरले जातात, जीवही जातात. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो गल्लीबोळांत मिळतोच. धागा बारीक म्हणजे जोर फार थोड्या जागेवर पडतो, आणि त्यावर काचेची भुकटी चढवलेली असते. मात्र त्या अपघातात कापण्याची ऊर्जा मांजा देत नाही. ती देतो चाळीसच्या वेगानं येणारा दुचाकीस्वार, त्याच्या स्वतःच्या आणि गाडीच्या वजनासकट. सिनेमातल्या हेराला ती मनगटातून काढावी लागेल, समोरचा माणूस धडपडत असताना. एका सेकंदात, आवाज न होता माणूस खाली पडतो तो पडद्यावरच.

टोपीचं तर उघडच आहे. सिनेमात ती फेकली की संगमरवरी पुतळ्याचं मुंडकं उडतं. पोलादी पात्यानं संगमरवरावर ओरखडा उठेल, कारण पोलाद संगमरवरापेक्षा कठीण आहे. पुतळ्याचं मुंडकं उडवायला दगडात तडा शेवटपर्यंत न्यावा लागतो आणि तेवढी ऊर्जा पावशेर वजनाच्या फेकलेल्या टोपीत येणार कुठून?

माझ्या मते खरा घोळ जोराचा नाही, नेमाचा आहे. गळ अडकून सुटण्याचे प्रसंग एकट्या नवेगाव बांधच्या काठावर वर्षभरात किती घडत असतील! त्यातली बहुतेक शिशं पाण्यात पडतात, डोक्यावरून जातात, छातीवर आपटून काळानिळा डाग ठेवतात. एखादं डोळ्याला लागतं आणि त्याचीच बातमी होते. बातमीवरून एवढंच कळतं की निसर्गाच्या नियमांत हे बसतं. शस्त्र म्हणजे मात्र हवं तेव्हा, हव्या त्या माणसाला, पहिल्याच फटक्यात लागणारी वस्तू, आणि वर मारणारा सहीसलामत निसटला पाहिजे. कोट्यवधी फेकींतून एकदा जुळणारा योग लेखक नायकाच्या मनगटावर बांधतो. प्रेक्षकाला तो पटतो, कारण असा प्रसंग त्यानं कधीतरी पेपरात वाचलेला असतो.

पाण्यातल्या विजेबाबत सिनेमे आणखी बिनधास्त खोटं दाखवतात. खलनायक तलावात तार टाकतो आणि सगळे एकदम तडफडतात. प्रत्यक्षात गोडं पाणी विजेचं फारसं चांगलं वाहक नाही. त्यापेक्षा माणसाचं शरीर, आतल्या खारट रसांमुळे, वीज सहज वाहून नेतं. तारेच्या जवळ पाण्याच्या दोन बिंदूंत विजेच्या दाबाचा फरक मोठा असतो आणि तिथं उभं असलेलं शरीर तो प्रवाह स्वतःत ओढून घेतं. दूर जाल तसा हा फरक झपाट्यानं घटतो, मोठ्या तलावाच्या दुसऱ्या काठावरच्याला काही जाणवणारही नाही. समुद्रात उलटं होतं, पाणीच शरीरापेक्षा चांगलं वाहक असल्यानं बराच प्रवाह शरीराला वळसा घालून जातो. म्हणून नाल्यात आकडा टाकून करंट सोडणारी माणसं मरतात ती तारेजवळचीच, बहुधा मासे गोळा करायला घाईनं उतरलेली. काही मिलिअँपिअरनं स्नायू आखडतात, हात सुटत नाही, आणि माणूस गुडघाभर पाण्यात बुडतो. पंपाच्या वायरीनं होणारे हे मृत्यू हेरगिरीच्या कथेत शोभणारे नाहीत, त्यामुळे कुणी लिहीत नाही.

जोर नसेल तर माणूस विषाकडे वळतो, हे आपल्या ओढ्यांवर जुनंच आहे. उन्हाळ्यात डोहातलं पाणी आटलं की हिंगणबेटाचा किंवा गेळफळाचा ठेचा त्यात कालवायचे. त्यातलं फेसाळ द्रव्य माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतं, मासे गुदमरून वर येतात. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यानंच मनाई केली, पण मुद्दा लक्षात घ्या. ज्याच्याकडे मोठं जाळं नाही, तो रसायनाकडून काम करून घेतो. खऱ्या गुप्तहेर संस्थांनीही तेच केलं. खिशात मावणाऱ्या वस्तूत माणूस खात्रीनं मारण्याइतकी ऊर्जा भरणं अवघड आहे, हे त्यांच्या अभियंत्यांना लेखकांच्या आधी कळलं होतं.

सोव्हिएत हेर बोगदान स्ताशिन्स्की यानं म्युनिकमध्ये १९५७ साली लेव्ह रेबेत आणि १९५९ साली स्तेपान बान्देरा या युक्रेनी नेत्यांना मारलं ते सायनाइडची वाफ तोंडावर उडवणाऱ्या नळीनं. वर्तमानपत्राच्या गुंडाळीत लपवलेली ती नळी अगदी हातभर अंतरावरूनच चालायची, आणि वाफ आपल्याच नाकात जाऊ नये म्हणून मारेकऱ्याला आधी उतारा घ्यावा लागायचा. रेबेतचा मृत्यू हृदयविकाराचा समजला गेला. बान्देराच्या वेळी मात्र चेहऱ्यावर काचेचे कण सापडले आणि शंका आली.

छत्रीतून विषारी गोळी मारल्याची गोष्ट अनेकांना माहीत असते. ७ सप्टेंबर १९७८ ला लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत काहीतरी टोचलं, चार दिवसांनी ते गेले. शवविच्छेदनात दीड-पावणेदोन मिलिमीटरची प्लॅटिनम-इरिडियमची गोळी सापडली, तिला दोन बारीक छिद्रं होती. रिसिन प्रत्यक्ष सापडलं नाही, लक्षणांवरून आणि उरलेल्या सगळ्या शक्यता बाद करून तो निष्कर्ष काढला गेला. रिसिन म्हणजे आपल्या बांधावरच्या एरंडीच्या बीतलं प्रथिन. ते पेशींतला प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतं. छत्री कधीच हाती लागली नाही, ती छत्रीच होती की नाही यावरही वाद आहेत. आणि सिनेमे जे सांगत नाहीत ते हे: तशीच गोळी त्याआधी दोन आठवड्यांवर पॅरिसमध्ये बल्गेरियन पत्रकार व्लादिमिर कोस्तोव्ह यांच्या पाठीत घुसली होती. त्यातलं विष पुरतं बाहेरच आलं नाही. ते ताप येऊन बरे झाले. म्हणजे एका देशाची अख्खी यंत्रणा मागे उभी असूनही दोनातलं एकच शस्त्र चाललं.

अमेरिकेचंही विष मासेमारीतूनच आलं. काही सूक्ष्म शैवालं खाल्लेले शिंपले माणसानं खाल्ले की ओठ बधिर होतात, मग श्वासाचे स्नायू थंडावतात. हा किनाऱ्यांवरचा जुना अपघात. त्यातलं द्रव्य, सॅक्सिटॉक्सिन, सी.आय.ए.नं जमवून ठेवलं; १९६० मध्ये सोव्हिएत आकाशात पाडलेल्या यू-२ या अमेरिकी हेरविमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याजवळ चांदीच्या डॉलरमध्ये लपवलेली सुई याच विषाची होती. टॉक्सिनांचे साठे नष्ट करायचा आदेश निघाल्यावरही सुमारे ११ ग्रॅम उरलंच होतं. सप्टेंबर १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत समितीचे अध्यक्ष फ्रँक चर्च यांनी विषारी बाण सोडणारं पिस्तूल हातात धरून दाखवलं, तेव्हा हे सगळं उजेडात आलं.

त्याच चौकशीत क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांना मारायचे बेतही निघाले. कॅस्ट्रो पाण्यात बुडी मारून मासे मारायचे, म्हणून १९६३ साली स्फोटकं भरलेला सुंदर शंख समुद्रतळाशी ठेवायची कल्पना पुढे आली. पाण्यातला स्फोट हवेतल्यापेक्षा घातक असतो, पाणी दाबलं जात नसल्यानं दाबाची लाट जवळजवळ तशीच फुप्फुसांपर्यंत पोचते. आपल्याकडे जिलेटिन फोडून मासे मारणाऱ्यांना हे ठाऊक आहे, माशांचे हवेचे फुगे फुटतात. भौतिकशास्त्राची हरकत नव्हतीच. पण लक्ष वेधून घेईल इतका देखणा आणि पुरेशी स्फोटकं मावतील इतका मोठा असा शंख कॅरिबियन समुद्रात मिळेना, आणि तो ठेवून येणारी छोटी पाणबुडी तेवढा पल्ला मारू शकत नव्हती. मग बुडी मारायचा सूट विकत घेऊन त्यात मदुरा पाय हा रोग करणारी बुरशी टाकायची ठरलं. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला काट्याच्या जखमेतून होणारा हा आजार, वर्षानुवर्षं रेंगाळणारा. श्वासाच्या नळीत क्षयाचे जंतू. सूट देणार होते जेम्स डोनोव्हन, कैद्यांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करणारे वकील, त्यांना काही कळू न देता. त्याआधीच डोनोव्हन यांनी आपल्या मनानं कॅस्ट्रोंना एक चांगला सूट भेट देऊन टाकला होता.