कॅश सुसंगती : नेटवर्क फाइल सिस्टिममधील

सर्व्हरवरची एकच फाइल अनेक संगणक वापरतात, तेव्हा प्रत्येक जण तिची प्रत आपल्या मेमरीत ठेवतो; हीच कॅश. वेग त्यातून मिळतो आणि प्रती एकमेकींशी न जुळण्याचा दोषही त्यातूनच येतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे एखादे अडत दुकान घ्या. काट्यावरच्या संगणकात ४२व्या पोत्याचे वजन चढते; आत पट्टी करणाऱ्याला मात्र ४१च पोती दिसतात. सर्व्हर आणि केबल दोन्ही ठीक असतात. एनएफएस या लिनक्स-युनिक्समध्ये रूढ असलेल्या नेटवर्क फाइल सिस्टिमची हमी एवढीच, की लिहिणाऱ्याने फाइल बंद केल्यावर जो ती नव्याने उघडेल, त्याला बदल दिसेल. काट्यावरच्या प्रोग्रॅमने फाइल उघडीच ठेवली असेल, तर ते पोते अजून त्याच संगणकाच्या मेमरीत असू शकते.

शिवाय लिनक्सचा क्लायंट (सर्व्हरकडून फाइल मागणारा संगणक) फाइलचा आकार व बदलाची वेळ ३ ते ६० सेकंद, तर डिरेक्टरीची माहिती ३० ते ६० सेकंद पुन्हा न विचारता वापरतो. 'फाइल नाही' हे उत्तरही तो जपून ठेवतो, म्हणून शेजारी नुकतीच तयार झालेली फाइल काही काळ सापडत नाही. 'लुकअपकॅश=पॉझिटिव्ह' हा माउंट पर्याय (सर्व्हरची डिरेक्टरी जोडताना द्यायची सूचना) एवढ्यापुरता पुरतो. फाइलची माहिती जपून ठेवणेच बंद करणारा 'नोएसी' हा पर्याय सरसकट लावू नये: प्रत्येक चौकशी सर्व्हरपर्यंत जाते, लेखनही तिथे पोहोचेपर्यंत थांबते आणि सगळे काम रेंगाळते.

जुने दिसणे एक वेळ चालेल, नोंद पुसली जाणे चालत नाही. दोन संगणक एकाच फाइलच्या शेवटी भर घालतात, तेव्हा शेवट कुठे आहे हे प्रत्येक क्लायंट आपल्या माहितीवरून ठरवतो. एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीवर बसते. 'नोएसी'नेही हे टळत नाही. आधी एफसीएनटीएल लॉक (प्रोग्रॅमने फाइलवर लावायचे कुलूप) घ्यावे, मग वाचावे, लिहावे आणि शेवटी लॉक सोडावे. लॉक घेताना क्लायंट कॅश पुन्हा तपासतो, सोडताना बदल सर्व्हरवर पाठवतो. पण लॉक दोन्ही प्रोग्रॅमनी घेतले पाहिजे. एकानेच घेतले तर उपयोग नाही.

पूर्ण फाइल बदलायची असल्यास त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने लिहून, एफसिंक करून (लिहिलेले सर्व्हरवर पक्के करून) मग नाव बदलून मूळ नाव द्यावे. अर्धवट फाइल कुणाला दिसत नाही. मात्र दुसऱ्या संगणकावर जुनी फाइल उघडी असेल, तर तिथे 'स्टेल फाइल हँडल' (उघडलेली फाइल आता सर्व्हरवर नाही) ही त्रुटी येऊ शकते. प्रोग्रॅमने फाइल पुन्हा उघडावी.

एएफएस (अँड्र्यू फाइल सिस्टिम) या दुसऱ्या व्यवस्थेत सर्व्हर कॉलबॅकचे, म्हणजे उलट कळवण्याचे, वचन देतो आणि फाइल बदलली की स्वतःच कळवतो. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीतले डेलिगेशन आणि एसएमबी या विंडोजच्या फाइल-वाटप पद्धतीतले ऑपलॉक त्याच वाटेचे. तिथे अडचण वेगळी: ज्याला वचन दिले तो संगणक बंद पडला, तर त्याच्या उत्तराची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याला ताटकळावे लागते.