जानेवारी, जुलै आणि मधला पाऊस : कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत फायर अलार्म तपासणीचं कंत्राट कसं घडत गेलं

कोकणातल्या जुन्या सरकारी दवाखान्यांत आगीचा बंदोबस्त म्हणजे व्हरांड्यात टांगलेल्या लाल बादल्या. आत वाळू, तीही पावसाळ्यात ओल धरून दगडासारखी घट्ट झालेली. भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं. धूर कौलांच्या फटींतून आपसूक निघून जायचा. अशा छपराखाली स्मोक डिटेक्टर लावून फारसं काही साधलंही नसतं. खरी अडचण सुरू झाली ती स्लॅबच्या इमारती, फॉल्स सीलिंग आणि बंद खिडक्यांचे वातानुकूलित अतिदक्षता कक्ष आल्यावर. आता धूर कोंडू लागला, आणि खाटेवरच्या माणसाला स्वतःहून उठून पळता येत नाही.

राष्ट्रीय इमारत संहिता 1970 पासून आहे. डिटेक्टर कुठे, किती अंतरावर बसवायचे आणि कसे तपासायचे हे सांगणारं आयएस 2189 हे भारतीय मानकही जुनंच, त्याची 2008 ची आवृत्ती निविदांमध्ये नेहमी दिसते. पण महाराष्ट्रात तपासणीला कायद्याचा धाक आला तो महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मुळे. तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला, नियम 2009 मध्ये आले. त्यानुसार यंत्रणा बसवल्याचा दाखला म्हणजे फॉर्म ए, आणि ती चालू स्थितीत असल्याचा दाखला म्हणजे फॉर्म बी. हा दुसरा दाखला दरवर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा, आणि तो परवानाधारक एजन्सीचाच हवा. रुग्णालयाला स्वतः सही करून चालत नाही. कंत्राटाचा जन्म इथला. त्यामुळे बाजारात जी वस्तू विकली जाऊ लागली ती तपासणी नव्हे, दाखला.

त्यात मालकीचा घोळ. इमारत सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो, वापरतं आरोग्य खातं. अलार्म येतो नव्या इमारतीच्या विद्युत कामाबरोबर. दोषदायित्व कालावधी, म्हणजे बसवणाऱ्यानेच दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की तो पोरका होतो. विद्युत शाखेच्या देखभालीत दिवे, पंखे, पंप धरलेले असतात, अलार्मचं पॅनेल, म्हणजे त्याची नियंत्रणपेटी, राहून जातं. वैद्यकीय अधीक्षकांच्या हातातला किरकोळ निधी अग्निशामक सिलिंडर भरण्यात संपतो, कारण सिलिंडरवर तारखेची चिठ्ठी असते आणि ती पाहणीत दिसते. डिटेक्टरला चिठ्ठी नसते.

मग 2020-21 आलं. राजकोटच्या कोविड रुग्णालयातल्या आगीनंतर 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कोविड रुग्णालयाचं महिन्यातून एकदा तरी फायर ऑडिट करायला सांगितलं. जेमतेम तीन आठवड्यांनी, 9 जानेवारी 2021 च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. एप्रिलमध्ये कोकणाच्या उत्तर भागात, विरारच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला. 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 11 रुग्ण दगावले. ऑडिटची लाट आली. पण ऑडिट म्हणजे चाचणी नव्हे. ऑडिट काय नाही ते सांगतं. जे आहे ते वाजतं का, हे चाचणीच सांगते, आणि तिच्यासाठी वेगळे पैसे धरावे लागतात.

ते धरले गेले तेव्हाही अंदाजपत्रकात ओळ अशी पडली : ‘अग्निशमन व अलार्म यंत्रणेची देखभाल, 1 जॉब’. या ‘1 जॉब’नेच घात केला. डिटेक्टर 40 की 240, झोन (एका लाइनवरच्या डिटेक्टरांचा गट) किती, पॅनेल साधं की अॅड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं), काहीच लिहिलेलं नसताना सर्वांत कमी दर भरणारा माणूस एका फेरीचाच हिशेब करतो. तो येतो, पॅनेलवरचं टेस्ट बटण दाबतो, हूटर म्हणजे भोंगा वाजतो, फॉर्म बी तयार.

खरी चाचणी कंटाळवाणी असते. लांब काठीच्या टोकाला कप, कपात चाचणीच्या धुराचा कॅन, आणि एकेका डिटेक्टरखाली जाऊन पॅनेलवर नेमका तोच झोन उजळतो का हे दुसऱ्या माणसाने पाहायचं. लोहचुंबक लावून केलेली चाचणी फक्त आतलं सर्किट तपासते. जाळी धुळीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बुजली असेल तर ते कळत नाही. उदबत्तीचा धूर तर मोजमापाबाहेरचाच, शिवाय आत चिकटा धरतो. वीज गेल्यावर पॅनेल चालवणाऱ्या बॅटऱ्यांचंही तसंच. 12 व्होल्टच्या दोन, एकामागे एक जोडून 24. मीटरवर मोकळ्या तपासल्या तर मेलेल्या बॅटऱ्याही ठीक दिसतात. मेन बंद करून, सगळे हूटर वाजवून मग व्होल्टेज पाहावं लागतं.

किनाऱ्यावर याच्या जोडीला खारी हवा. डिटेक्टर ज्यात फिरवून बसवतात त्या बेसमधल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, संपर्क तुटतो, पॅनेलवर पिवळा फॉल्ट दिवा लागतो. बझर रात्रभर किरकिरतो, म्हणून परिचारिका तो गप्प करते. तिचा काय दोष? त्याहून वाईट एक युक्ती आहे. लाइन सलग आहे हे पॅनेलला ज्यावरून कळतं, तो शेवटच्या डिटेक्टरपाशी असायला हवा असा काही पैशांचा रेझिस्टर काढून थेट पॅनेलच्या टर्मिनलवर लावायचा. फॉल्ट गायब, हिरवा दिवा चालू, आणि संपर्क जिथे तुटला त्यापुढचा सगळा झोन आंधळा. टेस्ट बटणाने हे कधीच उघडं पडत नाही. कोणताही एक डिटेक्टर बेसमधून फिरवून काढा. फॉल्ट आला नाही, तर समजा.

कायद्यातला जुलै इथे भर पावसात येतो. तंत्रज्ञ कोल्हापूर किंवा पुण्याचा. दरड कोसळून आंबा घाट वा करूळ घाट बंद झाला की फेरी बुडते. म्हणून जुलैचा दाखला बहुधा जूनच्या सुरुवातीच्या, पहिल्या सरींआधीच्या तपासणीवर निघतो. यंत्रणा बिघडते ती त्यानंतर, ओल आत शिरल्यावर, आणि थेट जानेवारीपर्यंत तिच्याकडे कोणी बघत नाही.

म्हणून जाणकार उपअभियंता आता ‘1 जॉब’ लिहीत नाही. नगांची झोनवार यादी निविदेलाच जोडतो. दर तिमाहीत एक चतुर्थांश डिटेक्टर, म्हणजे वर्षात सगळे, आणि पावसाळ्यातली फेरी सप्टेंबरच्या अखेरीस. देयक तपासलेल्या नगावर, मोजमाप पुस्तिकेत डिटेक्टरच्या क्रमांकासह नोंदून. अॅड्रेसेबल पॅनेल असेल तर प्रत्येक फेरीची इव्हेंट लॉगची, म्हणजे पॅनेलने स्वतः ठेवलेल्या नोंदींची, छापील प्रत, कारण त्यात तारीख-वेळ असते आणि ती मागाहून रंगवता येत नाही. बेस, बॅटरी, कॉल पॉइंटची (हाताने अलार्म द्यायच्या भिंतीवरच्या पेटीची) काच यांचे सुटे दर आधीच ठरवून घेतो. आणि पॅनेलचा पासवर्ड लिफाफ्यात, अधीक्षकांच्या कपाटात. नाहीतर कंत्राटदार बदलला की नव्या माणसाला मेनूच उघडत नाही, आणि चालू पॅनेल निकामी ठरवून नव्याचं अंदाजपत्रक निघतं.