मुरारच्या मातीत सापडणारी बटणं : पार्श्वभूमी

ग्वाल्हेरजवळच्या मुरारमध्ये पाया खणताना धातूचं जुनं बटण निघालं, तर ते बहुधा गणवेशाचंच असतं. आपल्या बाराबंदीला बंद असत, फार तर कापडी गुंडी. धातूची बटणं इथं रुळली ती पलटणींच्या डगल्यांबरोबर. शिंद्यांशी झालेल्या १८४४ च्या तहानंतर मुरारला इंग्रजी छावणी बसली आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात ग्वाल्हेरच्या किल्ल्यासह ती शिंद्यांकडे परत आली. इंग्रजी बटणं मुख्यतः याच बेचाळीस वर्षांतली.

आधी बटण उलटं करून पाहावं. दोन पत्रे कडेनं दुमडून बसवलेलं बटण १८१३ नंतरचं, कारण त्या रीतीचं पेटंट बेंजामिन सँडर्सनं त्या वर्षी घेतलं. एकसंध ओतीव बटण मात्र त्याआधीचंच असं समजू नये. इथं हमखास फसगत होते. गोऱ्या पायदळातल्या साध्या शिपायांची बटणं १८५५ पर्यंत कथलाच्या मिश्रधातूची, करडी आणि ओतीवच होती. त्यानंतर पितळ आलं. १८७१ मध्ये त्यांच्या बटणांवरचे पलटणीचे आकडे जाऊन राजचिन्ह आलं. म्हणजे गोऱ्या शिपायाचं आकडा असलेलं पितळी बटण जेमतेम सोळा वर्षांच्या पट्ट्यात बसतं. अधिकाऱ्यांच्या मुलामा दिलेल्या बटणांवर आकडे १८८१ पर्यंत टिकले. देशी पलटणींना हा हिशेब लागू नाही, त्यांचे आकडे पुढंही चालू राहिले.

मुकुटाची कमान मध्ये दबलेली असेल तर तो व्हिक्टोरियाचा, १९०१ पूर्वीचा. १९०१ ते १९५२ चा मुकुट वर फुगीर असतो. १९५३ नंतर इंग्लंडात पुन्हा दबलेला मुकुट आला, पण तोवर इथून इंग्रज गेलेले, त्यामुळे ग्वाल्हेरात ती शंका उरत नाही. सूर्य आणि नाग दिसले तर बटण शिंदे सरकारचं. संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झालं.

हा सगळा काळ बटण घडवण्याचा, हरवण्याचा नव्हे. डगले वर्षानुवर्षं वापरले जात, जुन्या बाजारातही जात.

ओल्या मातीत पितळातलं जस्त झिजून पृष्ठभाग तांबूस होतो आणि बटण तांब्याचं वाटतं. कडेला हलकेच खरवडून पाहायचा मोह टाळावा. चिंच-लिंबानं तर मुळीच घासू नये. उरलासुरला मुलामा तेवढ्यानंच जातो. साधं पाणी, मऊ ब्रश आणि सावलीत वाळवणं पुरे. पुसट आकडा वाचायला बटणावर विजेरी आडवी धरावी.