खोलीचे आकलन : प्रत्यक्ष दृश्यात आणि छायाचित्रात

समोरच्या वस्तू आपल्यापासून आणि एकमेकींपासून किती दूर आहेत, हे डोळ्यांनी ओळखण्याची क्रिया म्हणजे खोलीचे आकलन. दृष्टिपटलावरची (डोळ्याच्या आतल्या पडद्यावरची) प्रतिमा मुळात सपाटच असते. तिसरी मिती मेंदू वेगवेगळ्या खुणांवरून उभी करतो. यांतल्या काही खुणा छायाचित्रात उतरतात, काही उतरूच शकत नाहीत.

एका वस्तूने दुसरीला झाकणे, लांबचे लहान दिसणे, समांतर रेषा दूरवर मिळाल्यासारख्या वाटणे, डोंगर निळसर व फिके होत जाणे या खुणा कागदावर जशाच्या तशा येतात. मात्र प्रत्यक्षात दोन डोळ्यांमधल्या सुमारे ६ ते ६.५ सेंमी. अंतरामुळे प्रत्येक डोळ्याला थोडे वेगळे दृश्य दिसते. या फरकातून खोली जाणवते, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये त्रिमितीदर्शकाने (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवणाऱ्या उपकरणाने) दाखवले, तेही हाताने काढलेल्या आकृत्या वापरून. शिवाय डोके हलवले की जवळच्या वस्तू भरभर सरकतात, दूरच्या जवळपास जागेवर राहतात. छायाचित्रासमोर यातले काहीच घडत नाही. उलट ‘हा सपाट कागद आहे’ अशीच साक्ष दोन्ही डोळे देत राहतात. म्हणून एक डोळा मिटून, चित्राच्या कडा दिसणार नाहीत अशा बेताने कागदाच्या नळीतून पाहिले, तर तेच चित्र अधिक खोल वाटते. करून पाहण्याजोगा प्रयोग आहे.

छायाचित्र पाहण्याची एक नेमकी जागाही असते; तिथून चित्रातल्या वस्तू डोळ्याशी प्रत्यक्षातल्याइतकाच कोन करतात. ३६ × २४ मिमी. फिल्मवर ५० मिमी. (नाभीय अंतराच्या) भिंगाने दूरचे दृश्य टिपले आणि दहापट मोठे छापले, तर डोळा चित्रापासून ५० सेंमी.वर हवा. २४ मिमी. भिंगासाठी हे अंतर २४ सेंमी., तर २०० मिमी.साठी तब्बल २ मीटर येते. पाहणारा मात्र सगळी चित्रे साधारण सारख्याच अंतरावर धरतो. परिणामी रुंद कोनाच्या (२४ मिमी.सारख्या) भिंगाच्या चित्रात खोली ताणलेली आणि दूरभिंगाच्या (२०० मिमी.सारख्या) चित्रात दाबलेली वाटते. याचे खापर भिंगावर फोडण्याची रीत असली, तरी बराचसा दोष पाहणाऱ्याच्या जागेचा असतो.

जागा बरोबर असूनही सारे जुळतेच असे नाही. चंद्र आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा कोन व्यापतो. वरच्या ५० मिमी.च्या चित्रात तो जेमतेम साडेचार मिमी.चा ठिपका होतो. ५० सेंमी.वरून त्याचाही कोन अर्धा अंशच भरतो, तरी क्षितिजावर भलाथोरला वाटलेला चंद्र कागदावर क्षुल्लक दिसतो.