अर्ध्या मिलिमीटरची चकाकी: मॉडेल गाड्यांवरच्या फॉइलची पार्श्वभूमी

खऱ्या गाडीच्या काचेभोवतीची चंदेरी पट्टी बारा-तेरा मिलिमीटर रुंद असेल, तर 1/25 प्रमाणातल्या मॉडेलवर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. तरी पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. बॉडीचा रंग आरशासारखा जमला आणि या पट्टीवर नुसता चंदेरी रंग फिरवला, की इतक्या दिवसांची मेहनत खेळण्यासारखी दिसू लागते. चंदेरी रंग म्हणजे वार्निशमध्ये मिसळलेली अ‍ॅल्युमिनियमची पूड. तिचा कण न् कण वेगळ्या दिशेला तोंड करून बसतो, प्रकाश विखुरतो आणि राखाडी छटा उरते. धातूसारखं चमकायचं तर एकसंध धातूच हवा. मॉडेलवर फॉइल, म्हणजे धातूचा कागदासारखा पातळ पत्रा, आलं ते याच साध्या कारणाने.

मुळात गाड्यांवर ही चकाकी आली कुठून? सुरुवातीच्या मोटारींवर पितळ असायचं आणि ते सतत घासावं लागायचं. मग निकेलचा मुलामा आला, पण तोही काही काळाने पिवळट आणि मंद पडायचा. 1920च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंक यांच्या कामातून क्रोमियमचा मुलामा व्यापारी वापरात आला आणि 1926च्या सुमारास ओल्ड्समोबिलच्या गाड्यांवर क्रोम दिसू लागलं. क्रोमचा थर अत्यंत पातळ. खालचं निकेल झळकतं, क्रोम ते काळं पडू देत नाही आणि वर किंचित निळसर झाक देतं.

त्यानंतर क्रोम वाढतच गेलं. मध्ये एक खंड पडला तो युद्धामुळे. 1942च्या सुरुवातीला अमेरिकेत निघालेल्या शेवटच्या नागरी गाड्यांवर बंपर सोडून बाकीच्या पट्ट्या रंगवलेल्या होत्या, कारण क्रोम आणि निकेल युद्धसामग्रीला लागत होतं. या गाड्यांना ‘ब्लॅकआउट’ म्हणत. त्यांचं मॉडेल करणाऱ्याने फॉइलला हातसुद्धा लावू नये. पुढे हार्ली अर्ल यांच्या हाताखाली जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाने उलट टोक गाठलं. 1958च्या ब्युइकच्या पुढच्या जाळीत क्रोमचे 160 चौकोन होते. शिवाय सगळी चमक क्रोमचीच नव्हती. बंपर क्रोमचे, काचेभोवतीच्या पट्ट्या बहुधा स्टेनलेस स्टीलच्या, तर 1957च्या शेव्हरोले बेल एअरच्या मागच्या बाजूचा रेघारेघांचा पत्रा अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर संरक्षक थर चढवलेल्या, अ‍ॅल्युमिनियमचा. म्हणून या गाडीवर एकाच चमकीचं फॉइल सगळीकडे लावलं, की जाणकाराला लगेच खटकतं. बंपरशेजारी तो पत्रा किंचित मंदच दिसायला हवा.

याच काळात मॉडेल गाड्यांचा छंद फोफावला. एएमटी, जो-हॅन यांसारख्या अमेरिकी कंपन्या विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवत. 1958मध्ये एएमटीने 1/25 प्रमाणातले ‘थ्री इन वन’, म्हणजे एकच गाडी तीन तऱ्हांनी जुळवता येईल असे, संच आणले आणि गाडी जुळवायचं काम घराघरांत पोहोचलं. संचातले बंपर आणि जाळ्या चकचकीत असत. त्यांना आपण क्रोमचे भाग म्हणतो खरं, पण तो मुलामा अ‍ॅल्युमिनियमचा. निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून ती प्लॅस्टिकवर बसवतात आणि वर लाखेचा पातळ थर देतात. बंपर सुटे असल्यामुळे हे जमतं. दारावरची पट्टी, काचेची चौकट, गाडीच्या नावाची अक्षरं मात्र बॉडीच्याच साच्यात ओतलेली असतात. त्यांना मुलामा द्यायचा तर अख्खी बॉडी चंदेरी होणार. कारखाना तिथे थांबला. पुढचं काम जुळवणाऱ्याच्या हाती आलं.

पहिला उपाय स्वयंपाकघरातला. स्वित्झर्लंडमध्ये 1910मध्ये लाटून तयार होऊ लागलेलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल तोवर घरोघरी पोहोचलं होतं. साधं घरगुती फॉइल 16 मायक्रॉनच्या, म्हणजे 0.016 मिलिमीटरच्या आसपास असतं. त्याला 25ने गुणलं तर 0.4 मिलिमीटर, म्हणजे खऱ्या पट्टीच्या पत्र्याइतकीच जाडी. मापाचा हा मेळ मला आजही विलक्षण वाटतो. अडचण चिकटवण्याची होती. सोन्याचा वर्ख बसवायला वापरतात तो साइझ हा गोंद विमानांची मॉडेलं करणाऱ्यांनी आधीपासून वापरला होता, तोच इथे कामी आला. पण घरगुती फॉइल ताठ असतं, बारीक वळणावर सुरकुततं. मागे गोंद लावलेलं, त्याहून पातळ आणि मऊ फॉइल मिशिगनच्या बेअर-मेटल फॉइल कंपनीने तयार दिलं आणि छंदात त्या कंपनीचं नावच फॉइलचं नाव होऊन बसलं.

लावण्याची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. पट्टीपेक्षा रुंद तुकडा कापून चिमट्याने उचलायचा, अलगद ठेवायचा आणि मधून कडेकडे कापसाच्या काडीने दाबत न्यायचा. मग टूथपिकचं टोक बोथट करून पट्टीच्या दोन्ही अंगच्या खाचेत फिरवायचं. खाच स्पष्ट उमटली, की तिच्यात छंदाच्या चाकूचं नवं कोरं, टोकदार 11 नंबरचं ब्लेड जवळजवळ स्वतःच्या वजनानेच चालवायचं. जोर दिला तर खालचा रंग चिरतो. ब्लेड बोथट असेल तर फॉइल कापण्याऐवजी फाटतं. एका गाडीला तीन-चार ब्लेडं लागली तरी कंजुषी करू नये.

वाद आहे तो संरक्षणाचा. फॉइलवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावर देतात तो पारदर्शक लाखेचा थर, द्यावा की नाही? दिला तर कडा बंद होतात, बोटांचे डाग धातूला लागत नाहीत, पट्टी उचकटत नाही. पण लाखेची झाक चढून चमक थोडी मरते आणि क्लिअर नंतर घासताना उंच पट्टीवरचं फॉइल आरपार जातं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. रंग, क्लिअर, घासणं, पॉलिश हे सगळं आधी, मग अल्कोहोलने पट्टी पुसून फॉइल शेवटी. पुसणं टाळायचं नाही, कारण मेणाचा अंश राहिला तर गोंद धरत नाही. माझ्या एका गाडीच्या छपराजवळची अख्खी पट्टी या एका आळसापायी दोन महिन्यांत सुटून आली होती.

नावाच्या अक्षरांना मात्र मी हा नियम मोडतो. दोन मिलिमीटरची अक्षरं ब्लेडने कापून काढणं अशक्यच. म्हणून प्रायमरनंतर (रंग नीट धरावा म्हणून आधी देतात तो अस्तराचा हात), रंगाच्या आधी अक्षरांवर फॉइल दाबून बसवायचं आणि भोवती कापून घ्यायचं. वरून रंग मारायचा. तो सुकला की थिनरने जेमतेम ओलसर केलेलं कापड बोटावर ताणून अक्षरांच्या माथ्यावरून हलके फिरवायचं. रंग माथ्यावरून निघतो, खोबणीत राहतो आणि खालून एकेक अक्षर चंदेरी होऊन वर येतं. त्यावर क्लिअरचा पातळ हात मात्र द्यावाच लागतो, कारण इथे फॉइलची कड रंगाच्या खाली गेलेली असते आणि माथा तेवढा उघडा राहतो.