संसदीय समित्यांकडून विधेयकांची व नियुक्त्यांची छाननी

कायद्याचा मसुदा किंवा उच्च शासकीय पदावरील नियुक्ती अंतिम निर्णयापूर्वी सदस्यांच्या एका लहान गटाने तपशिलात तपासावी, संबंधितांच्या साक्षी घ्याव्यात आणि आपले मत अहवालाच्या रूपाने सभागृहापुढे ठेवावे, ही पद्धती जगातील बहुतेक संसदांमध्ये कमीअधिक प्रमाणात रूढ आहे. शेकडो सदस्यांच्या सभागृहात चर्चा होते ती मुख्यतः विधेयकाच्या हेतूवर. एखाद्या व्याख्येतील एक शब्द किती लोकांना कायद्याच्या कक्षेत आणतो, दंड कोण ठरवणार, नियम करण्याचा अधिकार मंत्र्याकडे किती जातो, असे प्रश्न सभागृहात फारसे उपस्थित होत नाहीत. त्यांचा निवाडा समितीतच होतो, किंवा होतच नाही. नियुक्त्यांच्या बाबतीत तर सभागृह स्वतः उमेदवाराला प्रश्न विचारण्याच्या स्थितीत क्वचितच असते. समितीला नकाराधिकार आहे की नाही, यावर या विषयाची चर्चा बहुधा थांबते. प्रत्यक्षात त्याहून निर्णायक असते ती दुसरीच गोष्ट : विषय समितीपुढे नियमानेच येतो, की सरकारच्या मर्जीने.

विधेयकांची छाननी : समितीचे काम कोणत्या टप्प्यावर सुरू होते, यावर तिचा प्रभाव बराच अवलंबून असतो. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात विधेयकाचे तत्त्व दुसऱ्या वाचनात आधी मंजूर होते आणि मग ते समितीकडे जाते. त्यामुळे समितीला शब्द बदलता येतात, तत्त्वाला हात लावता येत नाही. अमेरिकेत आणि जर्मनीत क्रम उलटा आहे. तेथे विधेयक तत्त्वावरील मतदानापूर्वीच समितीच्या हाती येते. अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडली जाणारी बहुसंख्य विधेयके समितीतून बाहेरच पडत नाहीत, आणि एखादे विधेयक विचारार्थ घ्यायचे की नाही हे ठरवणारा समितीचा अध्यक्ष म्हणूनच तेथे फार प्रभावी ठरतो. तत्त्वावर शिक्कामोर्तब होण्यापूर्वी समिती बसली तर मंत्र्यांची प्रतिष्ठा अजून पणाला लागलेली नसते आणि दुरुस्ती मान्य करणे त्यांना सोपे जाते.

कामाची रीत मात्र सर्वत्र साधारण सारखी आहे. प्रथम संबंधित मंत्रालयाचे अधिकारी विधेयकाची गरज व रचना समजावून सांगतात. मग लेखी निवेदने मागवली जातात आणि तज्ज्ञ, व्यावसायिक संघटना व कायद्याची झळ ज्यांना बसणार आहे अशा गटांच्या साक्षी होतात. त्यानंतर खंडशः विचार होतो, म्हणजे प्रत्येक खंड वेगळा घेऊन तो तसाच ठेवावा, बदलावा की वगळावा हे ठरते. शेवटी अहवाल तयार होतो आणि अनेक संसदांमध्ये असहमत सदस्यांची भिन्नमतपत्रिका त्याला जोडली जाते. या भिन्नमतपत्रिका आवर्जून वाचाव्यात अशा असतात, कारण बहुमताच्या मसुद्यात गुळगुळीत झालेले आक्षेप तेथे मूळ धारेसह टिकून असतात.

जर्मनीच्या बुंडेस्टागमध्ये, म्हणजे तेथील लोकनिर्वाचित सभागृहात, समित्या कायमस्वरूपी असून प्रत्येक साधारणपणे एका मंत्रालयाशी जोडलेली असते. सदस्यसंख्या पक्षांच्या बळाच्या प्रमाणात ठरते, अध्यक्षपदेही त्याच प्रमाणात वाटली जातात आणि अर्थसंकल्प समितीचे अध्यक्षपद संकेताने विरोधी पक्षाकडे जाते. नेहमीच्या बैठका बंद दाराआड होतात. मात्र ज्या समितीकडे विधेयकाची मुख्य जबाबदारी आहे तिच्या एक चतुर्थांश सदस्यांनी मागणी केली तर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. अल्पमताला दिलेला हा हक्क मोलाचा आहे. मतदान जिंकता आले नाही तरी तज्ज्ञाला सर्वांसमोर बोलते करता येते. संसदेत आलेले कोणतेही विधेयक आले तसे बाहेर पडत नाही, हा जर्मन राजकारणी पेटर श्ट्रुक यांच्या नावाने ओळखला जाणारा तेथील राजकीय नियम याच कामाला उद्देशून आहे.

ब्रिटनमध्ये छाननीची दोन अंगे वेगळी आहेत. विधेयकापुरती नेमलेली समिती ते काम संपताच विसर्जित होते. २००६-०७ च्या अधिवेशनापासून तिला साक्षी घेण्याचा अधिकार मिळाला, तोवर ती केवळ आपसातील वादाची जागा होती. मंत्रालयांवर देखरेख करणाऱ्या प्रवर समित्यांची सध्याची रचना १९७९ ची. या समित्यांचे बहुतेक अध्यक्ष २०१० पासून संपूर्ण सभागृह गुप्त मतदानाने निवडते. त्याआधी ही निवड व्यवहारात पक्षप्रतोदांच्या हाती होती. अध्यक्षाला आपले पद पक्षनेतृत्वाकडून मिळालेले नाही, एवढ्या बदलाने समित्यांचा स्वर बदलला आणि सत्ताधारी पक्षाचेच अध्यक्ष आपल्या मंत्र्यांना अवघड प्रश्न विचारू लागले.

भारतात १९८९ मध्ये तीन विषय समित्या स्थापन झाल्या आणि १९९३ मध्ये त्यांच्या जागी विभागांशी संबंधित १७ स्थायी समित्या आल्या. २००४ मध्ये ही संख्या २४ झाली. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात, मंत्र्यांना सदस्य होता येत नाही, आणि मुदत एक वर्षाची असते. एका विषयाची जाण येऊ लागते तोच मुदत संपते, ही या रचनेतील मोठी उणीव होय. बैठका खासगी असल्यामुळे सदस्य कॅमेऱ्यासाठी बोलत नाहीत आणि पक्षादेशही तेथे लागू होत नाही. परिणामी एकमताचे अहवाल पुष्कळ निघतात. शिफारशी बंधनकारक नसतात, विचारपूर्वक दिलेला सल्ला एवढेच त्यांचे स्थान. परंतु खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. विधेयक समितीकडे पाठवणे सक्तीचे नाही. पंधराव्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती; सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आले. स्थायी समितीऐवजी एका विधेयकापुरती, एकाच सभागृहाची प्रवर किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समितीही नेमता येते. २०१९ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयकाची अशाच संयुक्त समितीने दोन वर्षे छाननी केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ८१ दुरुस्त्या सुचवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयक मागे घेतले, आणि २०२३ मध्ये त्याच विषयावर आलेले नवे विधेयक कोणत्याही समितीकडे न जाता संमत झाले.

काही समित्या धोरणाच्या गुणदोषांत मुळीच शिरत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये १९८१ पासून असलेली विधेयक छाननी समिती प्रत्येक विधेयक ठरावीक कसोट्यांवर तपासते : व्यक्तीच्या हक्कांवर अतिक्रमण होते का, अधिकाऱ्याला दिलेली सत्ता मोघम आहे का, त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते का, कायदा करण्याची सत्ता अवाजवी प्रमाणात इतरांकडे सोपवली आहे का. नियम व विनियम तपासणारी तिची भावंड समिती १९३२ पासूनची आहे. एखादा नियम रद्द करण्याच्या प्रस्तावाची सूचना सिनेटमध्ये दिली गेली आणि सभागृहाची बैठक भरलेल्या १५ दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर तो नियम आपोआप रद्द होतो. समितीच्या प्रश्नांना मंत्र्यांची उत्तरे वेळेवर येण्यामागे ही तरतूद आहे. भारतात कायद्याखाली सरकार करते ते नियम तपासणारी लोकसभेची दुय्यम विधिविधान समिती १९५३ मध्ये स्थापन झाली; ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात प्रत्यायोजित, म्हणजे विधेयकाने मंत्र्यांकडे सोपवलेल्या, अधिकारांची छाननी करणारी समिती १९९२ पासून काम करते. फिनलंडची संविधान समिती या प्रकारातील सर्वांत प्रबळ म्हणता येईल : विधेयक संविधानाशी सुसंगत आहे का, यावर ती घटनातज्ज्ञांची मते ऐकून अभिप्राय देते आणि तो व्यवहारात बंधनकारक मानला जातो.

नियुक्त्यांची छाननी : अमेरिकी संविधानाने मंत्री, राजदूत व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्या नियुक्तीसाठी सिनेटचा सल्ला व संमती आवश्यक केली. समितीची जाहीर सुनावणी मात्र संविधानात नाही, ती प्रथेने आली. सर्वोच्च न्यायालयासाठी लुईस ब्रँडाइस यांच्या नामनिर्देशनावर १९१६ मध्ये जाहीर सुनावणी झाली, पण ते स्वतः समितीपुढे आले नाहीत. स्वतः उपस्थित राहून उत्तरे देणारे पहिले नामनिर्देशित न्यायाधीश १९२५ मधील हार्लन स्टोन होत. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांची सुनावणी त्यांच्या घटनाविषयक विचारांवर सविस्तर झाली, समितीने ९ विरुद्ध ५ मतांनी प्रतिकूल कौल दिला आणि सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारले. त्यानंतरचे उमेदवार वादग्रस्त प्रश्नांवर शक्य तितके कमी बोलू लागले. २०१६ मध्ये याच न्यायालयासाठी नामनिर्देशित मेरिक गारलंड यांची सुनावणीच झाली नाही. संमतीचा अधिकार पूर्ण असूनही सुनावणी सक्तीची नसेल तर तो अधिकार मौनानेही वापरता येतो, हे त्यातून दिसले.

ब्रिटनमध्ये नियुक्तीपूर्व सुनावण्या २००८ पासून सुरू झाल्या. समितीचे मत येथे सामान्यतः सल्ल्यापुरते असते. २००९ मध्ये बालक आयुक्तपदाच्या उमेदवाराला आणि २०१६ मध्ये शाळा तपासणी संस्थेच्या प्रमुखपदाच्या उमेदवाराला समित्यांनी पाठिंबा नाकारला, तरी दोन्ही वेळा मंत्र्यांनी नियुक्ती कायम ठेवली. २०११ च्या कायद्याने मात्र अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाच्या अध्यक्षाची नियुक्ती आणि बडतर्फी या दोहोंसाठी अर्थविषयक प्रवर समितीची संमती आवश्यक ठरवली. सरकारच्या आर्थिक अंदाजांचा हिशेब घेणारी व्यक्ती सरकारला एकट्याने हटवता येऊ नये, हा त्यामागील विचार. कॅनडातील समित्या नियुक्त व्यक्तीला बोलावून तिची पात्रता व क्षमता तपासू शकतात, पण नियुक्ती रोखू शकत नाहीत.

औपचारिक नकाराधिकार नसतानाही सुनावणी किती परिणामकारक ठरते, याचे उत्तम उदाहरण युरोपीय संसदेत मिळते. संसद युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाला, म्हणजे आयोगाला, संपूर्ण मान्यता देते किंवा नाकारते. एकेका आयुक्तावर तिला मतदान करता येत नाही. तरीही प्रत्येक उमेदवार लेखी प्रश्नांची उत्तरे देतो आणि मग संबंधित समितीपुढे काही तासांच्या जाहीर सुनावणीला सामोरा जातो. २००४ मध्ये रोक्को बुत्तिल्योने यांच्याविरुद्ध समितीने मत दिल्यावर संपूर्ण आयोगाची मान्यताच धोक्यात आली आणि त्यांना माघार घ्यावी लागली; २०१९ मध्ये सिल्वी गुलार्ड यांनाही समित्यांनी नाकारले.

भारतात नियुक्त्यांची छाननी संसदीय समितीकडे नाही. तिच्या जागी कायद्याने निवड समित्या नेमल्या असून त्यांत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि पदानुसार अन्य सदस्य असतात. केंद्रीय दक्षता आयुक्त, मुख्य माहिती आयुक्त व लोकपाल यांची निवड अशी होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. जे. थॉमस यांची केंद्रीय दक्षता आयुक्तपदावरील नियुक्ती रद्द ठरवली, कारण त्यांच्याविरुद्धच्या प्रकरणाची महत्त्वाची माहिती निवड समितीने विचारात घेतली नव्हती. समितीतील विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी असहमती नोंदवली होती. बंद खोलीतील बहुमताने हा आक्षेप बाजूला पडला; जाहीर सुनावणीत त्याला उत्तर द्यावेच लागले असते.

दक्षिण आफ्रिकेच्या संविधानाने लोकरक्षकाच्या, म्हणजे शासनातील गैरकारभाराची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, निवडीसाठी याहून कठोर मार्ग आखला आहे. सर्व पक्षांना त्यांच्या बळाच्या प्रमाणात स्थान असलेली समिती उमेदवाराचे नाव सुचवते आणि राष्ट्रीय सभेच्या किमान ६० टक्के सदस्यांनी त्याला मान्यता द्यावी लागते. २०१६ मध्ये उमेदवारांच्या मुलाखती जनतेसमोर झाल्या आणि बुसिसिवे मखवेबाने यांची निवड झाली. पुढे त्यांच्या कारभाराबद्दल गंभीर आक्षेप आले, तेव्हा ते तपासण्याचे कामही संविधानानुसार राष्ट्रीय सभेच्या समितीकडेच आले. प्रदीर्घ चौकशीनंतर समितीने प्रतिकूल निष्कर्ष काढला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सभेने आवश्यक दोन तृतीयांश बहुमताने त्यांना पदावरून दूर केले.