ताडमोर : गॅमा सेफी ए भोवतीचा महाग्रह

वृषपर्वा तारकासमूहातील गॅमा सेफी या द्वैती ताऱ्याच्या मुख्य घटकाभोवती फिरणारा वायुमय महाग्रह. गॅमा सेफी एबी ही त्याची शास्त्रीय संज्ञा. ताडमोर हे पाल्मिरा या सिरियातील पुरातन नगराचे नाव त्याला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१५ मध्ये दिले. हे तारायुग्म सूर्यापासून सुमारे ४५ प्रकाशवर्षे दूर आहे. एराई नावाने ओळखला जाणारा मुख्य तारा ३.२ प्रतीचा असून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. परांचनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या भोवऱ्यासारख्या संथ डुलण्यामुळे) सुमारे एक हजार वर्षांनी ध्रुवताऱ्याचे स्थान त्याच्याकडे येईल.

ग्रहाची एक प्रदक्षिणा सुमारे ९०३ दिवसांत पुरी होते. ताऱ्यापासून त्याचे सरासरी अंतर सुमारे २ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी व सूर्य यांतील सरासरी अंतर) आहे, म्हणजे आपल्याकडे मंगळाच्या कक्षेच्या थोडे पलीकडे. कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे. दुसरा तारा हा सूर्याच्या सुमारे ०.४ पट वस्तुमानाचा तांबडा बटुतारा आहे. मुख्य ताऱ्याच्या तेजात तो इतका लोपलेला असतो की त्याची थेट प्रतिमा २००७ साली प्रथम प्रसिद्ध झाली. त्याची फेरी सुमारे ६७ वर्षांची व सरासरी अंतर सुमारे २० खगोलीय एकके आहे. मात्र कक्षेची विमध्यता (लंबगोलपणाचे माप) ०.४१ च्या आसपास असल्याने तो दर फेरीत १२ खगोलीय एककांपर्यंत जवळ येतो. या ग्रहाविषयीचे बहुतेक प्रश्न या एका आकड्यातून निघतात.

शोधाचा कालक्रम : ब्रूस कॅम्बेल, गॉर्डन वॉकर व स्टीफन्सन यांग यांनी हवाईतील ३.६ मीटर दुर्बिणीवर १९८० च्या दशकात ताऱ्यांचे दृष्टिरेषीय वेग (आपल्याकडे येण्याचे वा आपल्यापासून दूर जाण्याचे वेग) मोजण्याचा कार्यक्रम चालवला. ताऱ्याचा प्रकाश हायड्रोजन फ्लुओराइड वायूच्या कुपीतून नेऊन त्या वायूच्या रेषा ताऱ्याच्या वर्णपटावर मोजपट्टीसारख्या उमटवायच्या, अशी ही पद्धत होती. हा वायू विषारी व क्षरणकारी असल्याने काम जोखमीचे होते, पण सेकंदाला पंधराएक मीटर इतके लहान फरक त्यामुळे ओळखता येऊ लागले. १९८८ च्या निबंधात त्यांनी गॅमा सेफीच्या वेगात सुमारे २.७ वर्षांच्या आवर्तनाची, २५ मीटर प्रतिसेकंद आयामाची लहर नोंदवून तिसऱ्या वस्तूची शक्यता मांडली. सहचर ताऱ्यामुळे मुख्य ताऱ्याच्या वेगात किलोमीटर प्रतिसेकंदाच्या घरातले बदल होतात, आणि १९९१ च्या सुमारास सहचर सर्वांत जवळ असल्याने नेमक्या त्या वर्षांत हे बदल अतिशय झपाट्याने होत होते. त्या चढउतारातून ही लहर वेगळी काढणे हे मोठेच यश म्हणावे लागेल.

१९९२ मध्ये मात्र वॉकर व सहकाऱ्यांनी ग्रहाची कल्पना बाजूला ठेवली. तारा तेव्हा महाकाय वर्गातला समजला जाई. अशा ताऱ्याचे परिवलन काही वर्षांचे असू शकते, आणि ताऱ्याच्या पृष्ठावरील घडामोडी दाखवणाऱ्या कॅल्शियमच्या रेषेतही साधारण त्याच आवर्तनाचा बदल दिसत होता. पृष्ठावरील डागांनी हा भास होणे शक्य होते. आर्टी हात्झेस, विल्यम कॉक्रन व सहकाऱ्यांनी मॅकडोनाल्ड वेधशाळेची निरीक्षणे जुन्या मोजमापांशी जोडून २००३ मध्ये निर्णायक निबंध प्रसिद्ध केला. वीस वर्षांहून अधिक काळ लहरीची कला व आयाम टिकून होते. कॅल्शियम रेषांत किंवा वर्णरेषांच्या आकारात त्या आवर्तनाचा बदल नव्हता. तारा महाकाय नसून त्याहून लहान अशा उपमहाकाय वर्गातला असल्याचेही तोवर स्पष्ट झाले होते. काही लेखक या ग्रहाला सापडलेला पहिला बाह्यग्रह (सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा ग्रह) म्हणतात. १९८८ हे पहिल्या संकेताचे व २००३ हे सिद्धतेचे वर्ष मानणे अधिक योग्य वाटते. तरी १९९२ ची माघार ही चूक नव्हती. हाती असलेल्या पुराव्यावर तोच निष्कर्ष रास्त होता.

वस्तुमान : दृष्टिरेषीय वेगावरून केवळ किमान वस्तुमान मिळते. ते गुरूच्या सुमारे दीड ते पावणेदोन पट आहे. हबल दुर्बिणीच्या स्थानमापनावरून (ताऱ्याच्या आकाशातील स्थानाच्या सूक्ष्म मोजमापावरून) २०१८ मध्ये गुरूच्या नऊ पटींहून अधिक वस्तुमान सुचवले गेले. तसे असल्यास ग्रहाची कक्षा तारायुग्माच्या प्रतलाशी बरीच कललेली ठरते. मग सहचराच्या ओढीने विमध्यता वेळोवेळी खूप वाढायला हवी, आणि आजची जवळपास वर्तुळाकार कक्षा हा योगायोग मानावा लागेल. हे स्थानबदल विकलेच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) हजाराव्या भागाइतके सूक्ष्म असल्याने तूर्त किमान वस्तुमानच आधारभूत धरणे बरे.

निर्मितीचा प्रश्न : सुमारे ४ खगोलीय एककांच्या आतील ग्रहकक्षा येथे स्थिर राहतात, त्यामुळे ग्रहाचे टिकणे नवलाचे नाही. नवल त्याच्या जन्माचे आहे. मूळची वायू-धुळीची तबकडी सहचराने ४ ते ५ एककांवरच छाटली असणार. शिवाय त्याच्या ओढीने ग्रहबीजांच्या (ज्या लहान पिंडांपासून ग्रह घडतात त्यांच्या) कक्षा लंबगोल होतात. वायूचा अवरोध लहान-मोठ्या ग्रहबीजांवर निरनिराळा असल्याने त्यांच्या कक्षा वेगवेगळ्या दिशांना वळतात, टकरींचा वेग वाढतो आणि ग्रहबीजे सांधली जाण्याऐवजी फुटतात. यावर तीन तोडगे सुचवले गेले आहेत. एका मते तबकडी गुरुत्वीय अस्थैर्याने कोसळून ग्रह थेट बनला. दुसऱ्या मते तारे आधी दूर होते व जन्मगुच्छातील इतर ताऱ्यांच्या सान्निध्याने जवळ आले. तिसरे मत रोमान राफिकोव्ह यांचे : तबकडी पुरेशी जड असेल, तर तिच्याच गुरुत्वाने ग्रहबीजांच्या कक्षा वेगाने फिरत राहतात व विमध्यता दबते. हे मत सर्वांत कमी गृहीतकांवर उभे आहे. त्याची अडचण अशी की जवळच्या तारायुग्मांत अशा तबकड्या एकट्या ताऱ्यांच्या मानाने कमी आढळतात.

तत्सम ग्रह : एचडी १९६८८५ व एचडी ४१००४ या युग्मांत ताऱ्यांतील अंतर असेच वीसएक एकके आहे. ग्लीझ ८६ मध्ये सहचर श्वेत बटुतारा (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) आहे. न्यू ऑक्टँटिस येथे ताऱ्यांतील अंतर जेमतेम २.६ एकके असून ग्रह उलट दिशेने फिरतो. त्याचाही सहचर श्वेत बटुतारा असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तो ग्रह ताऱ्यांबरोबर जन्मला नसून सहचराने फेकलेल्या द्रव्यातून नंतर बनला, किंवा बाहेरच्या कक्षेतून आत आला असावा, असे संशोधक मानतात.